कृपेने तारण : ख्रिस्ती मत व आपण

आपल्या अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) बौद्ध कुटुंबाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो विचारणारा बहुतेक वेळा परका नसतो. एकाच भावकीत एक घर पणजोबांच्या काळापासून ख्रिस्ती, दुसऱ्याने दीक्षा घेतलेली, तिसरे अजून खंडोबा-म्हसोबाला बांधलेले, असे चित्र नेवासे, राहुरी, श्रीरामपूर या भागात अनेक ठिकाणी दिसते. लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, आणि विशेषतः मयताच्या घरी, ख्रिस्ती आत्या किंवा मावशी जवळ येऊन बसते व विचारते, "तुमचे तारण झाले आहे काय? आज रात्री डोळे मिटले तर कोठे जाल, याची खात्री आहे काय?"

यावर आपले लोक दोन तऱ्हांनी बोलतात. काही जण म्हणतात, "आम्ही कुणाचे वाईट केले नाही, पंचशील पाळतो, आम्हालाही स्वर्ग मिळेल." हे उत्तर बौद्धाचे नाही, आणि मावशीने जे विचारले त्याचेही नाही. दुसरे काही जण टिंगल करतात, "आठवडाभर पाप करायचे, रविवारी चर्चमध्ये जायचे, झाले मोकळे!" या बोलण्याने नाते दुखावते आणि समोरच्याचे मत काय आहे ते आपल्याला कळतही नाही. ज्याने नुकताच जुना धर्म सोडून नवा मार्ग धरला, त्याला शेजारच्या मताची नीट ओळख असलीच पाहिजे. आपण का निघालो आणि याच वाटेला का लागलो, हे उद्या मुलांना सांगण्याची पाळी त्याच्यावरच येणार आहे. म्हणून या पाठात कृपेचे तारण व स्वर्गाची खात्री म्हणजे काय ते आधी पाहू, आणि मग तथागतांचे म्हणणे त्याच्या शेजारी ठेवू.

शब्द आणि त्यांचा अर्थ

मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे सुरुवात शब्दापासूनच करते. ‘तारण’ हा शब्द आपल्या घरात दोन अर्थांनी येतो. सोसायटीचे कर्ज काढताना जमीन किंवा दागिना तारण ठेवतात, तो एक अर्थ. बुडणाऱ्याला तारणे, तो दुसरा. ख्रिस्ती पुस्तकांत दुसरा अर्थ घेतात : माणूस पापात बुडाला आहे आणि प्रभू येशू त्याला वर काढतो. पण गंमत अशी की, हे मत समजावून सांगायला पहिला अर्थच जास्त उपयोगी पडतो.

समजा, एका आजोबांनी सावकाराकडून कर्ज काढले, अंगठा दिला. व्याज चढत गेले. मुलगा सालगडी राहिला, नातू सालगडी राहिला. नातवाने स्वतः एक पैसा उचललेला नाही, पण तो जन्मलाच कर्जात. त्याने जन्मभर राबूनही मुद्दल फिटणार नाही. अशा वेळी कुणी तिऱ्हाईत पुढे येतो, स्वतःचे सगळे विकून ते कर्ज चुकते करतो व पावती नातवाच्या हातात देतो. नातवाने एवढेच करायचे की, हे खरोखर फिटले आहे असे मानायचे आणि पावती घ्यायची.

ख्रिस्ती मताप्रमाणे ते आजोबा म्हणजे पहिला मनुष्य आदाम. त्याने देवाची आज्ञा मोडली, तेव्हापासून सर्व मनुष्यजात पापात जन्मते. पाप म्हणजे चोरी-शिंदळकी एवढेच नव्हे. मनाची देवाकडे पाठ फिरलेली असणे, हेच मूळ पाप. कर्ज फेडणारा म्हणजे येशू. त्याने वधस्तंभावर मरण सोसले, ती सर्वांच्या पापाची शिक्षा होती असे ते मानतात. पावती घेणे म्हणजे विश्वास. आणि हे सगळे नातवाची लायकी न पाहता घडले, म्हणून त्याला ‘कृपा’ म्हणायचे. पौल नावाच्या प्रेषिताने इफिस येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात हेच सांगितले आहे की, तारण हे देवाचे दान आहे, माणसाच्या कर्माची मजुरी नव्हे. नाहीतर माणूस बढाई मारू लागेल.

आता ‘खात्री’ कोठून येते ते लक्षात येईल. तारण जर माझ्या चांगुलपणावर अवलंबून असते, तर मला कधीच खात्री देता आली नसती, कारण उद्या माझा तोल जाऊ शकतो. पण ते दुसऱ्याने आधीच पुरे केलेल्या कामावर अवलंबून आहे, आणि ते काम काही मागे घेतले जाणार नाही. म्हणून ख्रिस्ती मावशी मरणाच्या दारात निर्धास्त असते. ती गर्वाने बोलत नाही. उलट, "माझ्यात काही नाही" असे आधी कबूल केल्यावरच तिला हे बोलता येते. हे न समजता "स्वतःला मोठी पुण्यवान समजते" असे आपण तिच्यामागे म्हणत असू, तर तो अन्याय आहे.

मग कर्ज फिटलेल्या नातवाने पुन्हा पाप करावे काय? हा प्रश्न आपल्यालाच सुचला असे नाही. पौलानेच रोमच्या मंडळीला लिहिताना तो स्वतःला विचारून झटकून टाकला आहे. याकोबाच्या पत्रात तर कृतीवाचूनचा विश्वास मेलेला आहे, असाच सूर आहे. सत्कर्म हे तारणाची किंमत म्हणून करायचे नसते, तारण झाल्याचे फळ म्हणून ते आपोआप दिसले पाहिजे, अशी त्यांची मांडणी आहे. रविवारची थट्टा म्हणूनच खोटी ठरते.

सर्व ख्रिस्ती मात्र या बाबतीत एका तोंडाने बोलत नाहीत. जर्मनीतला मार्टिन ल्यूथर हा संन्यासी उपास, जागरणे, पापाची कबुली करून करून थकला, तरी त्याच्या मनाची भीती जाईना. त्याच काळी पापाची शिक्षा माफ झाल्याची पत्रे पैसे घेऊन दिली जात होती. १५१७ साली विटेनबर्ग येथे त्याने त्याविरुद्ध आवाज उठविला, आणि केवळ कृपेने, केवळ विश्वासाने तारण, हे मत पुढे प्रॉटेस्टंट पंथाचा कणा झाले. रोमन कॅथलिक चर्चने ट्रेंट येथील परिषदेत १५४७ साली याला उत्तर दिले : कृपा पहिली हे खरे, पण माणसाने तिला साथ द्यावी लागते, आणि माझे तारण ठरलेलेच आहे अशी बेधडक खात्री कुणी बाळगू नये. आपल्या जिल्ह्यात दोन्ही आहेत. नगर शहर, वडाळा, राहुरी या बाजूला जुने अमेरिकन मिशन. श्रीरामपूर-हरेगावकडे कॅथलिक, जेथे दर सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला इतर धर्मांचे लोकही लोटतात. म्हणून खात्रीचा प्रश्न विचारणारी मावशी कोणत्या चर्चची, हे पाहिल्यावाचून उत्तर देऊ नये.

हे मत आपल्या मातीत कसे रुजले

अमेरिकन मिशनऱ्यांनी १८३१ साली नगरला ठाणे घातले. ही मंडळी केवळ कृपेने तारण मानणाऱ्या कडव्या प्रॉटेस्टंट परंपरेतली. १८३९ साली हरिपंत खिस्ती या ब्राह्मण गृहस्थांनी येथे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मोठी खळबळ झाली. परंतु मिशनच्या मंडळ्या भरल्या त्या गावकुसाबाहेरच्या लोकांनी, विशेषतः महार व मांग समाजातील कुटुंबांनी. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर ही संख्या बरीच वाढली. त्यावरून "पोटासाठी बाटले" असा टोमणा आजही मारला जातो. आपण तरी तो मारू नये. आपल्यालाही "सवलतीसाठी बौद्ध झाले" असे म्हणणारे थोडे नाहीत, आणि नवबौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० पर्यंत मिळत नव्हत्या, हे त्यांना ठाऊकही नसते.

भाकरीचा भाग होता, शाळेचाही होता. नगरला मिस सिंथिया फॅरार यांनी चालविलेल्या मुलींच्या शाळा पाहून आल्यावर महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात काम सुरू केले, हा इतिहास आपल्याला माहीत आहे. तरीही केवळ भाकरीने चार पिढ्या टिकत नाहीत. मला वाटते, कृपेच्या मतातच आपल्या पूर्वजांना ओढणारे काहीतरी होते. त्यांना पिढ्यान्‌पिढ्या काय ऐकविले गेले होते ते आठवा : मागल्या जन्मी पाप केलेस म्हणून या जन्मी महार झालास, मुकाट्याने तराळकी कर, मेलेली ढोरे ओढ, पुढच्या जन्मी बघू. प्रायश्चित्त घ्यावे तर मंदिर बंद, तीर्थ बंद, मंत्र बंद. अशा माणसाला कुणीतरी चावडीबाहेर बसून सांगितले की, तुझा हिशेब चुकता झाला आहे, त्याला भट लागत नाही, दक्षिणा लागत नाही. आणि तो ब्राह्मणसुद्धा तुझ्याइतकाच कर्जबाजारी आहे, त्यालाही याच दाराने आत यावे लागेल. ऐकणाऱ्याच्या छातीवरचा केवढा धोंडा उतरला असेल! हे मोठेपण त्या मताला दिलेच पाहिजे.

शिकलेल्यांची ओढ निराळी होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला व पुढे नगरला राहून काम केले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे त्यांचे सांगणे असे. वारकऱ्यांच्या अभंगांत ‘कृपा’ हा शब्द आधीपासूनच होता, तोच त्यांनी ख्रिस्ती भजनात नेला. म्हणून आपल्या आजीला चर्चमधले भजन परके वाटत नाही. पंडिता रमाबाईंची गोष्ट तर खात्रीच्या विषयाला अगदी लागू पडते. त्यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण मनाला शांती लाभेना. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला सापडलाच नव्हता, हे त्यांना १८९१ च्या सुमारास उमगले, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीच्या पुस्तकात लिहिले आहे. म्हणजे पाण्याने झालेला विधी निराळा आणि मनाची खात्री निराळी, हे केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापिकेनेच (हे केडगाव नगरजवळचे नव्हे, दौंड तालुक्यातले) आपल्या अनुभवाने सांगितले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आपल्यालाही ती लागणार आहे.

न ऐकलेल्यांचे काय?

या मताची सगळ्यात अवघड बाजू नगरच्याच एका मिशनऱ्याच्या चरित्रात दिसते. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म मुंबईत १८४७ चा, आणि नगर जिल्ह्यात त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षे काढली. १८७८ साली पाळकांना शिकविणारी संस्था त्यांनीच नगरला काढली. विश्वासाने तारण हे ठरले की लगेच प्रश्न उभा राहतो : ज्यांच्या कानांवर येशूचे नावच पडले नाही, त्यांचे काय? माझी आजी, पणजी, तिच्या आधीची हजार माणसे, ती सगळी नरकात काय? नव्याने ख्रिस्ती झालेल्या कोणत्याही घरात हा प्रश्न निघणारच, कारण माणूस एकटा स्वर्गात जाऊन काय करील?

ह्यूमसाहेब १८८६ साली रजेवर अमेरिकेत गेले असता अँडोव्हर येथील सभेत या प्रश्नावर बोलले. ज्यांना जिवंतपणी ऐकण्याची संधी मिळाली नाही त्यांना मरणानंतर ती मिळेल, या विचाराला त्यांनी अनुकूलता दाखविली. बोस्टनच्या मिशन मंडळातल्या कर्मठांना हे खपले नाही. असे शिकवू लागलो तर मिशनऱ्याने घाईने समुद्र ओलांडायचा कशाला, असा त्यांचा सवाल होता. ह्यूम यांना हिंदुस्थानात परत पाठविण्याचे मंडळाने अडवून धरले, मोठा वाद माजला, आणि १८८७ साली अखेर परवानगी मिळाली. परत येऊन ते नगरलाच राहिले.

मला या गोष्टीत दोन्ही बाजू दिसतात. आपल्या आजी-पणजीला नरकात ढकलायला जीभ न धजलेला एक सज्जन माणूस दिसतो. आणि एकाच नावावर विश्वास ही अट घातली की केवढी मोठी मानवजात दाराबाहेर राहते, हेही दिसते. आज पुष्कळ चर्चमध्ये या बाबतीत बरेच मवाळ बोलले जाते, कॅथलिक चर्चनेही विसाव्या शतकात दार पुष्कळ उघडले, तरी मयताच्या घरी मावशी जेव्हा हळूच विचारते, "त्यांनी शेवटी प्रभूचे नाव घेतले होते का?" तेव्हा तो जुना प्रश्न तसाच जिवंत असतो.

तथागतांचे उत्तर

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी तिसऱ्या खंडाच्या आरंभीच मोक्षदाता आणि मार्गदाता असा भेद केला आहे. तेथे मोग्गल्लान नावाच्या हिशेबनीस ब्राह्मणाची कथा येते. त्याने भगवंतांना विचारले, तुमचे सगळे शिष्य निब्बाणाला पोहोचतात काय? भगवंतांनी त्यालाच उलट विचारले, राजगृहाचा रस्ता तुला माहीत आहे ना? दोघांना तू तोच रस्ता सांगितलास, एक पोहोचला आणि एक भलतीकडे गेला, तर दोष कुणाचा? मोग्गल्लान म्हणाला, मी काय करणार, मी वाट दाखविणारा. भगवंत म्हणाले, मीही तेवढाच.

आपले वक्ते ही कथा सांगून थांबतात, आणि टाळ्या पडतात. पण समजदार ख्रिस्ती माणूस पुढे विचारील, "रस्ता दाखविलात हे चांगले, पण ज्याचे पायच मोडले आहेत त्याने राजगृहाला जायचे कसे?" आणि खरा मतभेद नेमका येथे आहे. देव आहे की नाही, स्वर्ग आहे की नाही, हे वाद त्यामानाने बाहेरचे आहेत. माणूस स्वतःच्या पायांनी चालू शकतो की नाही, हा आतला प्रश्न. कृपेचे मत म्हणते, चालू शकत नाही, त्याला उचलूनच न्यावे लागेल. धम्म म्हणतो, चालू शकतो. हळू चालेल, पडेल, पण चालणे त्याचेच.

बाबासाहेबांनी या मुद्द्याकडे समाजाच्या बाजूने पाहिले. त्यांना ख्रिस्ताविषयी आदर होता. १९३८ च्या जानेवारीत सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना बुद्ध व ख्रिस्त या दोघांचा आपल्या मनावर मोठा ठसा आहे, असे त्यांनी सांगितले, आणि त्याच भाषणात चर्चमध्ये जात पाळणाऱ्यांना व अन्यायाविरुद्ध न उठणाऱ्यांना चार शब्द सुनावले. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत एक निबंध लिहिला होता. तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात तो प्रसिद्ध केला. त्यातला त्यांचा मुद्दा असा की, माणसाच्या पतनाचे कारण त्याचे मूळ पाप आहे असे शिकविले की त्याची नजर स्वतःच्या पापाकडे वळते, आणि ज्या समाजव्यवस्थेने त्याला चिखलात दाबून ठेवले तिच्याकडे त्याचे लक्षच जात नाही. ती बदलावी असे त्याला वाटत नाही. अस्पृश्याला पापाची क्षमा नको होती. त्याच्यावर पाप झाले होते.

येथे थोडे थांबून विचार करा. सगळ्यांचे पाय मोडले आहेत, हे वाक्य सगळ्यांच्या कानांत सारखे शिरत नाही. ज्याला कधी कुणी अडविले नाही त्याला ते नम्रता शिकवील. ज्याला दोन हजार वर्षे "तुझ्याने होणार नाही, तू शिवू नकोस, तू शिकू नकोस" असेच ऐकविले गेले, त्याला ते जुन्या ओळखीचे वाटेल. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला, आपल्या कोपरगावच्या वेशीला लागून, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. तेथून २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्यांनी जो मार्ग दिला त्यात उचलून नेणारा कुणी ठेवला नाही. हे विस्मरणाने झालेले नाही.

क्षमेविषयीही असेच आहे. अंगुलिमाल हा खुनी भिक्खू झाला, अर्हत झाला. तरी भिक्षेला गेला की लोक त्याला दगड मारीत, भांडे फुटे, डोके फुटे. भगवंतांनी त्याला ते सोसायला सांगितले. केलेले कर्म पुसले गेले नाही, आणि त्याची वाटही बंद झाली नाही. ख्रिस्ती माणसाला यात उणे वाटेल की, हिशेब फाडून टाकणारा कुणी नाही. मला यात न्याय वाटतो, कारण ज्यांची माणसे अंगुलिमालाने मारली त्यांनाही या गोष्टीत जागा आहे. मात्र एक काळजी घ्या. धम्मातील कर्म समजावताना मागल्या जन्मीच्या पापाची जुनी गोष्ट पुन्हा आणू नका. जन्माने आलेले दैन्य पूर्वकर्माचे फळ, हे मत बुद्धाचे नव्हे, असे बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात स्पष्ट केले आहे. आणि निब्बाण म्हणजे बौद्धांचा स्वर्ग, असेही म्हणू नका. याच जीवनात लोभ, द्वेष, मोह यांवर ताबा येऊन धम्माने चालता येणे, त्याला बाबासाहेबांनी निब्बाण म्हटले आहे.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे, कारण हल्ली मुले मोबाईलवर सगळे वाचतात. बौद्ध जगात कृपेचे मत अजिबात नाही असे नाही. जपानात शिनरान (११७३–१२६३) याच्या पंथात अमिताभ बुद्धाच्या कृपेवर भरवसा ठेवून त्याच्या सुखावती भूमीत जन्म मिळतो, असे कोट्यवधी लोक मानतात. त्यांना बौद्ध नाहीत म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण बाबासाहेबांनी आपल्यापुढे ठेवलेला धम्म तो नव्हे.

मरताना हात कोण धरील?

माझ्या आईच्या मावसबहिणीचे घर तीन पिढ्या ख्रिस्ती आहे. मी तिला मावशीच म्हणते, ती मला चिडवून मास्तरीणबाई म्हणते. एकदा मी तिला मोग्गल्लानाची कथा सगळी ऐकविली. तिने शांतपणे ऐकली आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, तुझं पुस्तक चांगलं आहे. पण मरताना हात कोण धरील?"

बंधुभगिनींनो, या प्रश्नाला मार्गदाता-मोक्षदाता हे शब्द पुरत नाहीत. मरणारे माणूस मुद्दे मोजत नाही. ख्रिस्ती घरात आजारपण आले की पाळक येतात, बाया येतात, उशाशी बसून गातात, प्रार्थना करतात. आपल्या वस्तीत आपण बहुधा मरणानंतर जमतो. मग मात्र वंदना, भाषणे, पुण्यानुमोदन सगळे रीतसर होते. खात्रीचे मत आजाऱ्याला जो धीर देते, त्याच्या तोडीचे आपण काय देतो?

सुत्तात याचे उत्तर आहे, आणि ते एका गृहिणीने दिलेले आहे. नकुलपिता फार आजारी पडला, जगण्याची आशा सुटली. त्याची बायको नकुलमाता उशाशी बसून म्हणाली, काळजी मनात ठेवून मरू नका. मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते; मी मुले वाढवीन, घर सांभाळीन. मी दुसरा घरोबा करीन, असे मनात आणू नका. तुमच्यामागे मी धम्म सोडीन, शील सोडीन, अशीही शंका धरू नका. एकेक करून तिने त्याच्या मनातली प्रत्येक भीती बाहेर काढली व तिला उत्तर दिले. ऐकता ऐकता त्याचा आजार उतरला. बरा झाल्यावर तो काठी टेकत भगवंतांकडे गेला, तेव्हा अशी बायको लाभली हे तुझे भाग्य, असे भगवंत त्याला म्हणाले.

पाहा, यात स्वर्गाचे आश्वासन नाही, पण खात्री आहे. ती देणारी तिच्या स्वतःच्या कातण्या-पिंजण्यावर उभी राहून देते आहे. आपल्याकडे मरणाऱ्याच्या मनात काय असते? मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, धाकट्याचे शिक्षण, म्हातारीला कोण पाहील. जो उशाशी बसून "हे मी पाहतो" असे म्हणतो आणि मग खरोखर पाहतो, त्याने हात धरला. मी मावशीला हेच सांगितले. ती म्हणाली, "अन् न पाहणारा निघाला तर?" या तिच्या बोलण्यात तथ्य आहे, माणसाच्या शब्दाला ती जोखीम आहेच. म्हणून हे एकट्यादुकट्यावर न सोडता विहाराच्या मंडळाने वस्तीतल्या आजाऱ्याकडे आळीपाळीने बसण्याची पद्धत पाडावी. बाकीचा खर्च नंतर.

आता पंडिता रमाबाईंच्या गोष्टीकडे परत येऊ. बाप्तिस्म्याने शांती आली नाही, हे त्यांनी उघड लिहिले. आपल्यापैकी कितीजण असे उघड बोलतील? दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, दाखल्यावर धर्म बदलला, आता काही करायचे उरले नाही, असे मानणारी घरे मी पाहते. काही ठिकाणी बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मुलाच्या नोकरीसाठी नवसही बोलला जातो. म्हणजे ज्यांनी मोक्षदाता नाकारला, त्यांनाच आपण मोक्षदाता करून भिंतीवर टांगले. ख्रिस्ती माणूस येशूला तारणारा म्हणतो ते त्याच्या मताशी सुसंगत आहे. आपण बाबासाहेबांकडून आपले सगळे कर्ज फेडून घेऊन स्वस्थ बसतो, ते मात्र कोणत्याच मतात बसत नाही.

तेव्हा मावशीने विचारले तर असे सांगावे : "स्वर्गाची खात्री मला नाही, आणि मी ती शोधत नाही. आज मी कसे वागायचे ते मला ठाऊक आहे आणि तेवढे मी करून पाहते आहे. तुझी खात्री तुला धीर देते, ते मी पाहिले आहे." सरळ सांगावे, आवाज चढवू नये. ती आपल्यासाठी प्रार्थना करते म्हणाली तर नाही म्हणू नये. ती तिची माया आहे. ख्रिस्ती भाऊबंदाच्या मयताला अवश्य जावे, पेटीला खांदा द्यावा, मातीची मूठ टाकावी. पाळक प्रार्थना करीत असता मान खाली घालून शांत उभे राहावे. आपल्या मनात नसलेले शब्द तोंडाने म्हणण्याची गरज नाही आणि कुणी तशी सक्तीही करीत नाही. आपल्या घरच्या पुण्यानुमोदनाला ती मंडळी आली तर त्यांना पुढे बसवावे, आणि वंदनेचा अर्थ एकाने मराठीत समजावून सांगावा, म्हणजे त्यांनाही आपण कशाला शरण जातो ते कळेल.